मुठीतली नळी

१९ नोव्हेंबर १९६४, गुरुवार. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. पुण्याच्या दवाखान्यामागच्या नळावर मी धाकट्या जावेचं लुगडं धूत होते. गाडीत तिने दोनदा ओकारी केली होती. दुसरं लुगडं आणायचं कोणाला सुचलं नव्हतं, त्यामुळे हे धुऊन वाळवणं भाग होतं.

नर्सबाईंनी दारातून हाक मारली, "नांद्याच्या हौसाबाईंचं कोण आहे?"

मी ओल्या हातांनीच आत गेले. हौसा कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. डॉक्टर खिडकीपाशी उभे होते. बोटाएवढी एक काचेची नळी उजेडाकडे धरून ते बघत होते.

"हे पाणी तिच्या पाठीच्या कण्यातून काढलंय," ते म्हणाले. "मेंदूभोवती असतं तेच पाणी खाली कण्यात उतरतं. माणूस बरा असेल तर ते नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. हे बघा कसं आहे."

मी बघितलं. तांदूळ धुतल्यावर पहिलं पाणी येतं तसं ते होतं.

"मेनिंजायटिस," डॉक्टर म्हणाले. मला कळलं नाही हे त्यांनी ओळखलं. "मेंदूवर एक पातळ आवरण असतं. त्याला सूज आलीय. आत पू झालाय."

"जगेल का?" मी विचारलं. आडवळणाने विचारायची मला सवय नाही.

"कोणते जंतू आहेत त्यावर आहे. ते कळायला हवं, आणि लवकर कळायला हवं."

हे मी लिहिते आहे ते मुळशीकडच्या आणि तशाच इतर गावांतल्या बायकांसाठी. घरात असं दुखणं आलं तर आमच्यासारखी चूक कोणी करू नये, एवढाच हेतू. म्हणून आधी चूक सांगते.

हौसा माझ्या धाकट्या दिराची, महादूभावजींची बायको. तेव्हा बावीस वर्षांची होती. तिचा डावा कान लहानपणापासून फुटलेला. थंडी पडली की वाहायचा, पण त्या कानाने ऐकू चांगलं यायचं. वाहायला लागला की ती लसणाचं तेल घालून कापूस कोंबायची. आमच्याकडे वाहत्या कानाला कोणी दुखणं म्हणत नाही. शेंबूड आणि कान यांत फारसा फरक करत नाहीत.

मंगळवारी आमची भाताची झोडणी चालू होती. हौसा खळ्यावरून उठून घरात गेली आणि काळोख्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून निजली. मी आत गेले, तर डोळ्यांवर पदर घेऊन म्हणाली, "आक्का, दार लोटा. उजेड डोळ्यात घुसतुया."

मी म्हणाले, "भात झोडायचं म्हटलं की बरा तुझ्या डोळ्यात उजेड घुसतो. पेंढ्या काय मी एकटीनं आपटू?"

"डोस्कं लई दुखतंय हो."

"माजंबी दुखतंय. उठ."

ती उठली नाही. अंगात ताप होता. मी काढा दिला आणि खळ्यावर परत गेले. कामाला कंटाळली आहे असंच मला वाटत होतं. ते लपवण्यात अर्थ नाही.

बुधवारी सकाळी तिची मान धरली. मान खाली वाकेना. आता आमच्याकडे मान धरली, पाठीत चमक भरली, की लोक माझ्याकडे येतात. मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेली. पायाळू माणसाने उसण भरलेल्या जागी तीनदा पाय लावला की उसण उतरते असं मानतात. आमच्या नांदे गावचेच काय, सूस, हिंजवडीचे लोकसुद्धा आमच्या दारात पालथे पडलेले आहेत. मी सातवी पास आहे. भगत, देवऋषी, अंगारे यांना मी उघड हसत आले. पण माझा स्वतःचा पाय मला कधी खोटा वाटला नाही. लोक उठून बसायचे, "उतरली बगा" म्हणायचे. मीही तेच धरून चालले होते.

शेजारच्या सखूबाई म्हणाल्या, "आगं, घरात पायाळू आसताना पोरगी कण्हतिया कशापायी? लाव की पाय."

तिला पालथं निजवण्याआधी मान थोडी मोकळी करावी म्हणून मी तिच्या डोक्याखाली हात घातला आणि डोकं छातीकडे उचललं. ती ओरडली. आणि त्याच क्षणी तिचे दोन्ही गुडघे आपोआप वर आले, कोणी दोरीने ओढावेत तसे.

"पाय का आखडतियास गं?" मी विचारलं.

"म्या न्हाई आखडलं."

मी पुन्हा डोकं उचललं. पुन्हा गुडघे वर. सखूबाई म्हणाल्या, "उसण कमरेपातुर उतरलीया." आम्हा दोघींना ते पटलं. मी तिला पालथी केली, मानेवर आणि पाठीवर तीनदा पाय लावला, आणि हात धुऊन कामाला गेले.

संध्याकाळी ती मला ओळखेना. मला तिची आई समजून गुरं बांधली का विचारत होती. गुरुवारी तांबडं फुटायच्या आत भावजींनी बैल जुंपले. गाडीत पेंढा टाकून तिला सूसच्या खिंडीपर्यंत नेली. तिथे पुण्याला दूध नेणारा ट्रक मिळाला. क्लीनर कुरकुरला, "पेशंट हाय का मयत?" भावजी एरवी मुंगी मारणार नाहीत, पण त्यांनी त्याची कॉलर धरली. मी सोडवली. भांडायला वेळ नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला पाठीवर निजवलं, डोक्याखाली हात घातला आणि डोकं छातीकडे उचललं. हौसाचे गुडघे वर आले.

मी म्हणाले, "हे मी काल बघितलंय."

डॉक्टर वळले. "काय बघितलंत?"

"असंच. डोकं उचललं की गुडघे वर येत होते. दोनदा बघितलं."

"कशासाठी उचललं होतं डोकं?"

मी सगळं सांगितलं, पायासकट. ते हसतील किंवा ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. म्हणाले, "मेंदूचं आवरण सुजलं की मान वाकवल्यावर कण्यावर ताण येतो, म्हणून गुडघे आपोआप दुमडतात. आमच्या पुस्तकात ही खूण आहे. ती तुमच्या हातात आली होती." मग म्हणाले, "तुमच्या पायाने काही बिघडलेलं नाही, बाई. एक दिवस गेला, त्याने बिघडलं."

ते वाक्य मी तसंच्या तसं लिहिते आहे, कारण त्याहून सरळ मला कोणी काही सांगितलेलं नाही.

त्यानंतर त्यांनी तिला कुशीवर वळवून पाठीतून पाणी काढलं. या तपासणीला लंबर पंक्चर म्हणतात. कमरेपाशी, दोन मणक्यांच्या मधून सुई घालतात. आमच्याकडे लोक याला फार घाबरतात, पाठीत सुई घातली की माणूस लुळा पडतो म्हणतात. हे खोटं आहे. मेंदूतून कण्यात उतरणारा मुख्य दोर, मज्जारज्जू, सुई जिथे घालतात त्याच्या वरच संपलेला असतो. मी विचारून घेतलं. पाणी निघेपर्यंत मला बाहेर थांबायला सांगितलं, म्हणून मी लुगडं धुवायला गेले होते.

आता पुन्हा त्या नळीकडे येते.

डॉक्टरांनी नळीला बूच लावलं, सोबत द्यायची चिठ्ठी लिहिली आणि वॉर्डातल्या शिपायाला हाक मारली. शिपाई जेवायला गेला होता. डॉक्टर वैतागले. भावजी व्हरांड्यात भिंतीला डोकं टेकून बसले होते.

"माझ्याकडे द्या," मी म्हणाले. "कुठे न्यायची?"

"अंगण ओलांडून समोरची बैठी इमारत. लॅबोरेटरी, म्हणजे तपासणीची खोली. नळी मुठीत धरा, थंड होऊ देऊ नका. हे जंतू नाजूक असतात, पाणी पडून राहिलं तर मरतात, मग काही दिसत नाही. कुठे थांबू नका."

मी नळी मुठीत धरली. तिला अजून हौसाच्या अंगाची ऊब होती. काचेची वस्तू घेऊन पळायचं नसतं म्हणून पळाले नाही, पण तेवढं अंगण मी इतक्या भरभर कधीच ओलांडलं नसेल. मनात एकच चाललं होतं, यातले जंतू जिवंत राहिले पाहिजेत. ज्यांनी हौसाला मरणापाशी नेलं होतं, तेच जगावेत म्हणून मी जिवाचं रान करत होते. आजही ते आठवलं की मला नवल वाटतं.

लॅबोरेटरीत पस्तिशीच्या एक बाई होत्या. साडीवर पांढरा कोट, बोटं जांभळ्या रंगाने डागाळलेली. डबा उघडून पहिला घास घेणार होत्या. चिठ्ठी वाचली, नळी बघितली आणि डबा बंद केला.

"ताई, तुम्ही दारात उभ्या राहा. आत येऊ नका, पण बघायचं तर बघा."

मी बघितलं, आणि जे बघितलं ते सांगते. भिंतीवर घड्याळ होतं, बारा वाजायला दहा मिनिटं होती.

त्यांनी काचेच्या पट्टीवर त्या पाण्याचा एक थेंब पसरला. वाळू दिला. पट्टी ज्योतीवरून पटकन तीनदा फिरवली. मग तिच्यावर जांभळा रंग ओतला, धुतला. आयोडीन ओतलं, धुतलं. स्पिरिट ओतलं आणि लगेच धुतलं. शेवटी लाल रंग, तोही धुतला. प्रत्येक वेळी ओठ हलत होते, सेकंद मोजत होत्या. मध्येच एका परीक्षानळीत निळं औषध घेऊन त्यात त्या पाण्याचे काही थेंब टाकले आणि उकळलं. निळं ते निळंच राहिलं.

"साखर नाही," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "या पाण्यात थोडी साखर असते. असती तर हे हिरवं-पिवळं झालं असतं. जंतूंनी खाऊन टाकली."

मग सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. एक डोळा लावून, एका हाताने चाक फिरवत. खोलीत घड्याळाशिवाय आवाज नव्हता. मी दाराची चौकट धरून उभी होते.

"सापडले," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "जांभळे आहेत. आणि दोन-दोन जोडीने आहेत."

"म्हणजे बरं की वाईट?"

"जिथे वाईटच आहे, तिथे हे त्यातल्या त्यात बरं. क्षयाचे जंतू असते तर असे दिसले नसते, आणि औषधही वेगळं, महिनोन्महिने. यांच्यावर पेनिसिलिन चालतं." त्यांनी चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या. "पळा."

बारा वाजून बारा मिनिटं झाली होती. आमच्या चुलीवर भात शिजायला याहून जास्त वेळ लागतो. दोन दिवस हौसाच्या डोक्यात काय आहे हे मला, सखूबाईंना, सगळ्या गावाला कळलं नव्हतं. या बाईंनी एका थेंबात ते शोधून काढलं, आणि त्याचं औषधही सांगितलं. मी देवळात अनेकदा हात जोडले आहेत. त्या दिवशी मात्र हात जोडायचेही राहून गेले, चिठ्ठी घेऊन मी वळले.

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली. "न्यूमोकॉकस," ते म्हणाले. हे त्या जंतूंचं नाव. "फुटक्या कानातून आत गेलेत. कान आणि मेंदू यांच्यात फक्त एक पातळ हाड असतं." पाच मिनिटांत पहिलं इंजेक्शन गेलं. पुढे दर दोन तासांनी.

त्या दिवशी दुपारी मी पुन्हा लॅबोरेटरीच्या दाराशी गेले. वॉर्डात मला करण्यासारखं काही नव्हतं, आणि बसून राहणं मला जमत नाही. बाई एका चपट्या काचेच्या ताटलीला झाकण घालत होत्या. तिच्यात जंतूंच्या खाद्यात रक्त मिसळून गोठवलेला लालभडक थर होता, त्यावर त्यांनी हौसाचं ते पाणी पसरलं होतं. ताटली एका बरणीत ठेवली, शेजारी मेणबत्ती पेटवून ठेवली आणि बरणीला झाकण घट्ट लावलं. ज्योत लहान होत गेली आणि विझली.

"हे काय, पूजा?" मी विचारलं.

त्या पहिल्यांदा हसल्या. "मेणबत्ती विझते तेव्हा आतली हवा या जंतूंना मानवेल अशी झालेली असते. आता रात्रभर उबेत ठेवायचं. उद्या हे वाढले की पक्कं होईल."

"आणि उद्यापर्यंत थांबलो असतो तर?"

"उद्यापर्यंत तुमची जाऊ थांबली नसती."

शुक्रवारी ताटलीवर बारीक ठिपके उगवले होते, भोवती हिरवट कडा. तेच जंतू. गुरुवारी वीस-बावीस मिनिटांत सांगितलं ते बरोबर होतं.

पण हौसा शुद्धीवर नव्हती. ताप उतरला नव्हता. मी स्टुलावर बसून होते. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची सून मला म्हणाली, "तुमची लेक का?" मी म्हणाले, "जाऊ." ती म्हणाली, "जावेसाठी एवढं?" तिला काय सांगणार, मी हिला कामचुकार म्हणाले होते म्हणून बसले आहे?

शनिवारी सकाळी ताप उतरला. डॉक्टरांनी पुन्हा पाठीतून पाणी काढलं. आता शिपाई हजर होता, पण मीच हात पुढे केला आणि डॉक्टरांनी नळी दिली. या वेळी पाणी पुष्कळ निवळलं होतं.

बाईंनी सगळं तसंच केलं, रंग, आयोडीन, स्पिरिट. बराच वेळ बघत राहिल्या. पट्टी इकडून तिकडे सरकवत होत्या. मग म्हणाल्या, "ताई, हात धुऊन आत या."

त्यांनी आधी गुरुवारची पट्टी लावली. "एक डोळा लावा, दुसरा मिटू नका. घाई करू नका."

पहिल्यांदा मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग एकदम उजेडाचं गोल अंगण उघडलं. गुलाबी, वेड्यावाकड्या पेशी, आणि त्यांच्या मध्ये, कडेला, सगळीकडे, जांभळ्या ठिपक्यांच्या जोड्या. टोकाला निमुळते, एकमेकांना चिकटून. खसखशीचा दाणासुद्धा त्यांच्यापुढे डोंगर म्हणावा लागेल, असं बाई म्हणाल्या. एवढ्याशा वस्तूने आमची दणकट पोरगी आडवी केली. आणि जो कोणी हे ठिपके बघू शकतो, त्याच्यासमोर त्यांचं काही चालत नाही. मी किती वेळ बघत होते मला ठाऊक नाही. बाईंनी खांद्याला हात लावला तेव्हा मान वर केली.

मग त्यांनी नवी पट्टी लावली. गुलाबी पेशी होत्या, थोड्या. जांभळं काही नव्हतं. मी कोपरे कोपरे शोधले, घरातला विंचू शोधावा तसे.

"नाहीत," मी म्हणाले.

"मलाही दिसले नाहीत," बाई म्हणाल्या. "मी शंभर जागा बघितल्या."

दवाखान्यातून सुटताना लोक डॉक्टरांच्या पाया पडतात, आणि ते योग्यच आहे. त्या बैठ्या इमारतीकडे मात्र कोणी जात नाही. मी पुढे हौसाला घरी नेताना गेले आणि नव्या तांदळाची पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्या नको म्हणाल्या. मी ऐकलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. चौदा दिवस इंजेक्शनं झाली. नंतर कानाच्या डॉक्टरांनी कान साफ केला. म्हणून बायांनो, घरात कोणाचा कान वाहत असेल तर त्यात तेल घालू नका, दवाखान्यात दाखवा. ताप, डोकेदुखी, ओकारी, उजेड सहन न होणं आणि मान खाली न वाकणं, ही एकत्र आली तर ती उसण नव्हे. त्याच दिवशी गाडी जुंपा. पाठीतून पाणी काढायला नाही म्हणू नका. हल्ली कोणी पाठ धरून माझ्या दारात आलं तर मी आधी ताप बघते, आणि ताप असेल तर पाय लावत नाही. लोकांना राग येतो. येऊ दे.

त्या शनिवारी संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास, हौसाने डोळे उघडले. माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"आक्का," ती म्हणाली, "झोडणी ऱ्हायली का वो?"

"ऱ्हाऊ दे मरू दे झोडणी," मी म्हणाले. "पानी पितीस का?"

ती पाणी प्यायली आणि झोपली. भावजी व्हरांड्यात जाऊन नाक शिंकरत राहिले.

रविवारी सकाळी मी नर्सबाईंकडून फणी मागून घेतली. पाच दिवसांत हौसाच्या केसांचा गुंता झाला होता, ओकारी वाळून बटा चिकटल्या होत्या. स्टूल खाटेच्या डाव्या अंगाला घेतलं, केस ओले केले आणि टोकापासून सोडवत बसले. एका ठिकाणी जोरात ओढ बसली.

"दुखलं का गं?" मी विचारलं.

ती बोलली नाही. पुन्हा विचारलं. खिडकीबाहेर कबुतरं होती, ती त्यांच्याकडे बघत होती. मी उठून पलीकडे, उजव्या अंगाला गेले.

"हौसा."

ती लगेच वळली. "काय आक्का?"

"दोनदा बोलले, ऐकलं न्हाईस?"

"कवा?"

मी पुन्हा डाव्या बाजूला आले. तिचा उजवा कान तळहाताने झाकला आणि डाव्या कानाजवळ फणी पितळी पेल्यावर आपटली. शेजारची म्हातारी दचकली. हौसा कबुतरंच बघत होती.

डॉक्टर राउंडला यायला अजून तासभर होता. मी स्टूल उचललं, उजव्या बाजूला ठेवलं, आणि अर्धे राहिलेले केस तिथून विंचरायला घेतले.